गाण्यांचा डबा: पाचपैकी साडेतीन

मुलीनं दिवाळीला पुण्याहून गाण्यांचा डबा पाठवला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत हजारो गाणी आधीच भरलेली. गावात पार्सल येत नाही, नातू दर्यापूरला जाऊन घेऊन आला. दोन महिने वापरून लिहितो आहे. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

आवाज भरदार आहे. मी ओसरीत बंगईवर बसून लावतो आणि आतून हिचं सुरू होतं, "अवो, लहान करा नं थे!" एकदा चार्ज केला की चार-साडेचार तास चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी अडत नाही. गोल बटण फिरवलं की गायक बदलतो, पण नावं इतकी बारीक छापली आहेत की चष्मा लावूनही लता की तलत ते गाणं लागल्यावरच कळतं. रिमोट आहे. बहुतेक वेळा गादीखाली असतो.

मला हा डबा हवा होता तो गीतमालेसाठी, म्हणजे रेडिओ सिलोनवर (आजची श्रीलंका) दर बुधवारी लागायचा तो सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. अमीन सायानींच्या आवाजात आहे.

1957 च्या जूनमध्ये मी अमरावतीला विदर्भ महाविद्यालयात दाखल झालो. शकुंतलेनं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीनं, मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं बडनेरा, मग अमरावती. एका खोलीत चौघं, एक स्टोव्ह आणि घरून आलेला ठेच्याचा डबा. रेडिओ कुठला? सेट परवडला असता तरी पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे. आम्ही बुधवारी रात्री आठच्या आत एका हॉटेलसमोर जाऊन उभे राहायचो. मालकाचा नियम होता, चहा घेतल्याशिवाय उभं राहायचं नाही. कप एक आण्याचा, म्हणजे नव्या सहा पैशांचा. दोघांत एक घ्यायचो आणि तो गीतमाला संपेपर्यंत पुरवायचो.

आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळपास नव्हतीच. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि 1952 मध्ये ती हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर गीतमाला सुरू झाली. गंमत अशी, की सिलोनचं ते केंद्र महायुद्धात दोस्त सैनिकांसाठी चालायचं. लढाई संपली, गोरे सैनिक घरी गेले आणि यंत्रं आमच्या कामी आली. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली, पण आमचा बुधवार सिलोनचाच राहिला.

शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा. कडवं अर्ध्यावर आलं की घरघर, मग एकदम बिहारी की बंगाली कुणीतरी बोलायला लागायचं, आणि गाणं परत यायचं तेव्हा शेवटची ओळ सुरू असायची. मधलं आम्ही चौघं मिळून म्हणायचो. वर्षाअखेरची यादी असली की पैज. 1958 मध्ये पहिलं हेमंतकुमारांचं गाणं आलं, मी रफीवर लावली होती. चौघांना गिलावडा (दह्यातला वडा) खाऊ घातला, आणि खानावळवाल्याकडे महिनाभर तोंड चुकवत जेवलो.

डब्यात घरघर नाही. सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. एक भाग संपला की दुसरा लगेच तयार, आणि मला ते जडच जातं. सलग तीन भाग ऐकले त्या दिवशी एकही गाणं लक्षात राहिलं नाही. म्हणून आता फक्त बुधवारी, आठ वाजताच लावतो. ही म्हणते, "आज मंगळवार हाये त का झालं? लावा नं, कोन पाह्यते?" नाही लावत.

रेडिओपण आहे. मिडियमवेव्हवर नागपूर 585 पहाटे उत्तम लागतं, संध्याकाळी ट्यूबलाईट लावली की गुरगुरतं. शॉर्टवेव्ह नाहीच. एवढा जुन्या रेडिओचा तोंडवळा देऊन शॉर्टवेव्ह गाळणं म्हणजे बैलाला शिंगं नसणं. अर्धा तारा तिथे कापला, एक बारीक अक्षरांबद्दल.

चार्जिंगची पिनही महिन्याभरात सैल झाली. मी रबर बांधून भागवतो.

डब्याचा एक गुण मात्र पेटीवर छापलेला नाही. आमचा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. कोरडवाहू तूर आणि हरभऱ्यावरच भिस्त, आणि ती रोही (नीलगाई) आणि डुकरांनी लुटायची. नातू एकदा जागलीला, रात्रीच्या राखणीला, डबा घेऊन गेला. मोठ्या आवाजात लावला तर रोही बांधावरूनच फिरले. तो सांगतो, किशोरकुमारला भितात, मुकेश लागला की उभे राहून ऐकतात. खरं-खोटं त्यालाच माहीत.

आता डबा वावरातच असतो. बुधवारी सांजच्याला मोटरसायकलवर घरी आणून देतो आणि गीतमाला संपली की परत नेतो. हरभरा निघेपर्यंत असंच ठरलं आहे.