काट्यावरचं वजन ऑफिसच्या स्क्रीनवर: टायमर कोणता लावावा?

लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या खळ्यावर लिलावातून ट्रॅक्टर येतो, काट्याजवळच्या संगणकावर वजन नोंदलं जातं आणि आत ऑफिसात हिशोबपट्टी निघते. नवं वजन आतल्या स्क्रीनवर आपोआप यावं म्हणून डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम लिहिण्याची चौकट) टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा करणारा भाग, लावायचा ठरला, की प्रश्न येतो तो कुठला हा.

टूलबॉक्समधून फॉर्मवर ओढायचा विंडोज फॉर्म्सचा टायमर स्क्रीनच्याच थ्रेडवर (एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या धाग्यावर) चालतो. त्यामुळे टिक इव्हेंटमधून (टायमरची वेळ झाली की चालणाऱ्या कोडमधून) ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरचा वजनांचा तक्ता, थेट बदलता येते. पण क्वेरीला, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायला, तीन सेकंद लागले, तर तीन सेकंद अख्खा फॉर्म गोठतो आणि पट्टी टाइप करणारा कारकून ताटकळतो. याची अचूकता 55 मिलिसेकंदांच्या आसपास आहे. वजन दाखवायला तेवढी पुरून उरते.

सिस्टिम डॉट टायमर्समधला टायमर मागच्या थ्रेडवर चालतो, म्हणून फॉर्म मोकळा राहतो. मात्र तिथून ग्रिडला हात लावायचा तर इनव्होक (काम स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपवणारी आज्ञा) हवं. टायमरच्या सिंक्रोनायझिंग ऑब्जेक्ट या सेटिंगमध्ये फॉर्म दिला तर काम परत स्क्रीनच्याच थ्रेडवर येतं, मग हा टायमर घेऊन मिळवलं काय? शिवाय आधीची क्वेरी संपली नसतानाच पुढची सुरू होऊ शकते. ऑटोरिसेट (दर वेळी आपोआप पुन्हा सुरू होणं) बंद ठेवून काम संपल्यावर तो पुन्हा चालू करावा लागतो. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये तर इलॅप्स्ड इव्हेंटमधली (म्हणजे या टायमरच्या टिकमधली) चूक तो गिळून टाकतो: सर्व्हर तुटला तरी कुणाला कळत नाही आणि स्क्रीनवर जुनीच वजनं दिसत राहतात. पैशाच्या हिशोबात हे मला फार धोक्याचं वाटतं.

म्हणून खळ्यासाठी माझा कौल साध्या फॉर्म टायमरला, पण क्वेरी हलकी ठेवून. टेबलात रोव्हर्जनचा (ओळ बदलली की आपोआप बदलणाऱ्या क्रमांकाचा) कॉलम ठेवा आणि दर पाच सेकंदांनी फक्त बदललेल्या ओळी मागवा. सगळी ग्रिड नव्याने भरली तर निवडलेली ओळ सुटून कर्सर वर उडी मारतो आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघू शकते. टिकच्या सुरुवातीला टायमर थांबवा, फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या शेवटच्या भागात) पुन्हा चालू करा. टायमर चालूच ठेवून मेसेजबॉक्स दाखवलात, तर मागे टिक पडत राहतात आणि कनेक्शन तुटल्यावर एकावर एक खोके साचतात. क्वेरी हलकी करूनही फॉर्म अडखळत असेल, तरच सिस्टिम डॉट टायमर्समधल्या टायमरकडे जा.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये निवडच नाही: एका फॉर्मला एकच टायमर, इंटरव्हल मिलिसेकंदात, शून्य म्हणजे बंद.

रात्रीच्या बॅकअपसाठी मात्र यातला एकही नको. प्रोग्राम बंद केला की टायमर गेला, आणि तीन संगणकांवर चालू राहिला तर बॅकअपही तीनदा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं करणारी सेवा) मिळत नाही, तेव्हा सर्व्हरवरच्या विंडोज टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी (डेटाबेसला आज्ञा देणारा प्रोग्राम) चालवा. त्यात चुकलेली वेळ नंतर भरून काढण्याचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. वीज गेली असली तरी संगणक सुरू झाल्यावर बॅकअप होतो.