चार्जरची वायर एक मीटर दहा सेंटिमीटर: सुट्या बॅटरीच्या स्कूटरचे एकोणीस महिने

माझ्या विजेच्या स्कूटरची बॅटरी तेवीस दिवसांनी सेवा केंद्रातून परत आली, त्या संध्याकाळी मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून चार्जरची वायर मोजली. भिंतीतल्या सॉकेटपासून चार्जरपर्यंत एक मीटर दहा सेंटिमीटर आणि चार्जरपासून बॅटरीपर्यंत ऐंशी सेंटिमीटर भरली. या स्कूटरचा वेग, ब्रेक आणि सीटखालची जागा यांवर पुष्कळांनी लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. चार्जिंगसाठी घरात उचलून आणायच्या अकरा किलोच्या लिथियम-आयन बॅटरीला एवढीशी वायर का दिली, हा प्रश्न मात्र स्कूटर घेतल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आमचे घर बेळगावच्या वडगावात आहे. पुढच्या खोलीत दिरांचे दोन माग, मागे स्वयंपाकघर आणि परस, आणि या दोहोंच्या मध्ये एक अरुंद बोळ अशी त्याची रचना आहे. मागाचे मीटर वेगळे असून त्यावर घरातले काहीही लावायचे नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा दंडक आहे, त्यामुळे बॅटरीच्या वाट्याला बोळातले एकमेव सॉकेट आले. वायर आखूड असल्याने बॅटरी त्या सॉकेटच्या पायथ्याशीच, एका बाजूला सुताच्या कोनांची पोती आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंच्या खोलीचे दार अशा ठिकाणी ठेवावी लागे. सुताची बारीक धूळ पंख्याच्या वाऱ्याने तिथेच येऊन साचते. घरातून पुढे किंवा मागे बाहेर पडायचे असेल तर चार्जिंगला लावलेली बॅटरी ओलांडूनच जावे लागत होते, आणि यात काही चुकते आहे हे सुरुवातीचे काही महिने आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

स्कूटर मी गुढीपाडव्याला घेतली आणि सांबऱ्याला नोकरीवर येऊन-जाऊन रोज पंचवीसच्या आसपास किलोमीटर चालवते. बॅटरी ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण १.४४ युनिटची आहे, आणि चार्जरमधली गळती धरून भिंतीतून सुमारे पावणेदोन युनिट घेते. एक दिवसाआड चार्जिंग केले तर महिन्याला वीस-बावीस युनिट होतात. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकातल्या घरगुती मोफत विजेच्या योजनेत, आमच्या घराची जी सरासरी ठरली आहे तिच्यात ते बसावेत म्हणून मी पाण्याचा हीटर आठवड्यातून चार दिवस बंद ठेवला आणि परसातली चूल पुन्हा पेटवली. खर्चाच्या बाबतीत माझी या गाडीविषयी कसलीही तक्रार नाही.

वायरीची अडचण सोडवायला मी आधी एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि बॅटरी स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवली. तीन आठवड्यांनी बोर्डावरचे प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी झालेले दिसले आणि भाजलेल्या वायरीचा वास आला. हा चार्जर भिंतीतून दोन अँपिअरसुद्धा घेत नाही, मग बोर्ड तापला कसा, असे मी वायरमनला विचारले. त्याने पीन बोर्डात हलवून दाखवली. ती सैल होती, आणि सैल पिनेतून पाच-पाच तास वीज गेली की ती नेमकी त्याच जागी तापते. बोर्ड टाकून दिला आणि बॅटरी पुन्हा बोळात आली.

पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा चालू चार्जरवर चार काडेपेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. आमच्याकडे आषाढात काडेपेट्या सादळतात आणि काडी घासली की गूल निसटून येते. चार्जर छान उबदार असतो, तो सासूबाईंना या कामासाठी अगदी सोयीचा वाटला होता. हिरवा-तांबडा दिवा रात्री डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी बॅटरीवर जुने लुगडेही टाकले होते. मी काडेपेट्या उचलल्या, लुगडे काढले आणि काहीच बोलले नाही, कारण बॅटरी त्यांच्या दारात आणून ठेवणारी मीच होते. चार्जरने आपली उष्णता हवेत सोडायची असते आणि त्यावर काही झाकले की ती आतच साठते, हे दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर त्यांनी लगेच मानले. त्यांनी एवढेच विचारले, "मग ती तिकडं परसात का ठेवत नाहीस ग?" उत्तर होते वायर.

गल्लीत अजून एकाकडे अशीच स्कूटर आहे, वेगळ्या कंपनीची. आमचा चार्जर एकदा बंद पडल्यावर दीर त्या शेजाऱ्यांचा चार्जर घेऊन आले. पीन अगदी बरोबर बसत होती. मी हिशेबाच्या नोकरीतली असल्याने लावण्याआधी दोन्ही लेबले वाचली. आमच्यावर ५४.६ व्होल्ट लिहिले होते आणि त्यांच्यावर ५८.४. आमच्या बॅटरीत सेलचे तेरा गट एकामागे एक जोडलेले आहेत, आणि प्रत्येक गट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो म्हणून बेरीज ५४.६ होते. त्यांची बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची असून तिच्यात सोळा गट आहेत, ते प्रत्येकी ३.६५ व्होल्टला भरतात. तो चार्जर आमच्या बॅटरीला लावला असता तर प्रत्येक गटावर जवळजवळ साडेचार व्होल्ट चढवण्याचा प्रयत्न झाला असता. आतले बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारे सर्किट, ते थांबवते हे खरे आहे, परंतु ती शेवटची राखण असते आणि तिच्या भरवशावर दार उघडे टाकायचे नसते. जास्त भरलेल्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात साचू लागते आणि ती सेल आतून तापत जाते. दोन वेगळ्या व्होल्टेजच्या चार्जरना एकच पीन बसते, हा दोष मी वायरीच्या खालोखाल धरते.

आता बॅटरी मेली कशी, ते सांगते. दुसऱ्या पावसाळ्यात गल्लीतला रस्ता खोदलेला होता आणि बायकांना शक्ती योजनेत बस फुकट आहे, तेव्हा जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत मी लाल बसने गेले. शेवटच्या फेरीनंतर बॅटरीवर पाचांपैकी एकच ठिपका उरला होता. वापरायची नसताना युनिट कशाला घालवायचे, असा विचार करून मी ती तशीच कोपऱ्यात ठेवली. सप्टेंबरमध्ये चार्जर लावला तर तांबडा दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि बॅटरी काही घेईना.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "अक्का, बीएमएस झोपलंय तेवढंच. बाहेरून डायरेक्ट सप्लाय मारतो, पाच मिनिटांत उठतंय बघा. तीनशे द्या." सेवा केंद्राची वाट पाहण्यापेक्षा तीनशे रुपये बरे, असे मलाही वाटले होते आणि मी पर्स उघडलीसुद्धा होती. दिरांनी मागाच्या मोटारीच्या दोन वायरी जाळून घेतलेल्या असल्याने त्यांनीच अडवले. नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. लिथियम-आयन सेल फार खाली, साधारण दोन व्होल्टच्याही खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिली, तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते, आणि ती पुन्हा चार्ज करताना ते नको त्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. अशा बॅटरीला बीएमएस टाळून वीज देणे म्हणजे तिच्या राखणदाराला बांधून ठेवून दार उघडण्यासारखे होते.

सेवा केंद्रात पहिल्या दिवशी माझे भांडण झाले. काउंटरवरच्या तरुणाने वॉरंटी लागू नाही असे सांगितले आणि माहितीपुस्तकातली एक ओळ दाखवली: महिन्याहून जास्त काळ ठेवायची असल्यास निम्मी भरून ठेवावी आणि दर महिन्याला तपासावी. पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत होते. हे कन्नड किंवा मराठीत का छापले नाही, असे मी मोठ्या आवाजात विचारले आणि चार गिऱ्हाइके वळून पाहू लागली. हिंदी मला उत्तम वाचता येते, हे त्या वेळी सांगण्याची मला गरज वाटली नाही. शेवटी त्यांनी बॅटरी तपासायला घेतली. सर्वांत खाली गेलेला गट २.६ व्होल्टवर होता, म्हणजे थोडक्यात वाचला होता, आणि अगदी कमी करंटने हळूहळू वर आणून आठवडाभर निरीक्षणाखाली ठेवल्यावर त्यांनी ती परत केली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

इथे माझे मत बदलले, ते प्रामाणिकपणे नोंदवते. लुकलुकणारा दिवा मी बिघाड समजले होते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या आणि त्यानंतर अशा गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. चार्ज सुरू करण्यापूर्वी बॅटरी धोकादायक पातळीपर्यंत रिकामी झाली आहे का हे चार्जरने तपासावे, असे त्यात आहे. माझा चार्जर तेच करत होता. चूक माझी होती आणि ती काटकसरीतून झाली होती, हे मला अजूनही बोचते.

आता न वापरण्याचे दिवस आले की मी तीन ठिपक्यांवर बॅटरी बंद करून ठेवते. पूर्ण भरून ठेवणेही बरे नाही, कारण भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. ठिपक्यांऐवजी टक्के दाखवले असते तर अर्धी म्हणजे किती याचा अंदाज बांधावा लागला नसता. उन्हातून आल्यावर अर्धा तास निवू दिल्याशिवाय चार्जर लावत नाही, आणि सगळे झोपल्यावर तर कधीच लावत नाही. एप्रिल-मेमध्ये कौलांखालच्या मागाच्या खोलीत तिला ठेवत नाही. ती कधी पडली, फुगली किंवा तिला गोडसर उग्र वास आला, तर उघडून पाहायचे नाही आणि भंगारवाल्यालाही द्यायचे नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

दिरांनी बोळात वाळूची बादली ठेवण्याचे सुचवले होते. सेल एकदा स्वतःच तापत गेली की तिच्यातल्या रसायनांतून प्राणवायू आणि जळणारे वायू बाहेर पडतात, त्यामुळे वाळूने किंवा पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबली तरी उष्णता आतच राहते आणि शेजारच्या सेल पेटत जातात. थंड करायला पाणी लागते आणि ते फार लागते. धूर विषारी असतो. घरच्या माणसांनी करायचे काम एकच: सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे आणि १०१ ला फोन करायचा. बाहेर पडायची आमची वाट मात्र त्या बॅटरीवरूनच जात होती.

म्हणून गेल्या महिन्यात वायरमनकडून परसातल्या पडवीत स्वतंत्र एमसीबीसह, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणाऱ्या स्विचसह, नवे सॉकेट काढून घेतले. खाली फरशी, वर पत्रा, जवळ सूत नाही, गॅस सिलिंडर भिंतीपलीकडे. सॉकेटची उंची मी चार्जरच्या वायरीवरून ठरवली. खर्च १,८५० रुपये आला आणि तो मी कंपनीच्या नावावर मनातल्या मनात मांडून ठेवला आहे.

परवा पुण्याहून भाचा आला होता. त्याने चार्जरच्या मागची रबरी टोपी नखाने उचलली आणि भिंतीकडची वायर अलगद ओढून काढली. एकोणीस महिने मी ती चार्जरचाच भाग समजत होते. सेवा केंद्राला फोन केला तेव्हा कळले की या चार्जरची कंपनीचीच दोन मीटरची वायर सुट्या भागांच्या यादीत पहिल्यापासून असून तिची किंमत ३४० रुपये आहे. मी पुन्हा टेप काढली. बोळातल्या जुन्या सॉकेटपासून, खिडकीतून, पडवीतल्या कट्ट्यावर चार्जर ठेवायच्या जागेपर्यंतचे अंतर एक मीटर पंच्याहत्तर सेंटिमीटर भरले. १,८५० रुपये घालवल्यावर ३४० रुपयांची वायर विकत घेण्याइतकी मी अजून शांत झालेली नाही.