छोट्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी वक्र लेव्हलर आणि कात्री जॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका एक्सलच्या छोट्या ट्रेलरसाठी घेतलेला वक्र लेव्हलर (चाक चढवून उचलण्यासाठीचा गोलाकार चढाचा ठोकळा) आणि चार कोपऱ्यांना बसवलेले कात्री जॅक (स्क्रू फिरवून कात्रीसारखे उघडणारे आधाराचे पाय) मी काही महिन्यांपासून नियमितपणे वापरत आहे. ट्रेलर समतल करणे आणि त्याचे डुगडुगणे थांबवणे ही दोन वेगळी कामे असून पहिले काम कोपऱ्यांच्या जॅकवर कधीही सोपवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

डाव्या-उजव्या बाजूंची पातळी चाकाखालीच साधावी लागते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर एका अंशाच्या उतारासाठी सखल बाजूचे चाक सुमारे २.६ सेंटिमीटर उचलावे लागते. वक्र लेव्हलरवर चाक सावकाश चढवत नेले की नेमकी हवी तेवढी उंची मिळते, त्यामुळे फळ्या रचून ट्रेलर पुन्हा पुन्हा मागे-पुढे करण्याचा त्रास संपला. मात्र टायरची पूर्ण रुंदी लेव्हलरवर टेकली आहे ना, हे वाकून पाहावेच. मग लेव्हलरखाली त्याची पाचर सरकवावी, दुसऱ्या चाकाला पुढून आणि मागून पाचरी घट्ट बसवाव्यात, आणि त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडवून पुढच्या जॅकने लांबीची पातळी जुळवावी. पाणसळ (पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी) मी ओट्यावर न ठेवता बिछान्याखालच्या फळीवर ठेवतो, कारण झोपायचे तिथेच असते. डोक्याची बाजू किंचित उंच राहिली तर चालते, पाय उंच राहिले तर झोप लागत नाही.

कात्री जॅकचे काम यानंतर सुरू होते. टायर आणि स्प्रिंग दबतात, म्हणून कूस बदलली तरी ट्रेलर हलतो. जॅकचे पाय जमिनीला टेकवून थोडासा ताण दिला की हे हलणे बरेच कमी होते. त्याहून अधिक फिरवल्यास सांगाडा पिळला जातो, आणि ते सर्वांत आधी दारावर कळते: चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दार घासू लागते आणि कडी खाचेत बसत नाही. ड्रिलने जॅक झटपट खाली येतात, पण हा ताण हाताला कळावा म्हणून शेवटचे काही फेरे मी हातानेच देतो. खाली-वर होणारी हालचाल या जॅकनी उत्तम रोखली. आडवे हेलकावे मात्र पूर्ण थांबले नाहीत, कारण कात्रीच्या सांध्यांमध्येच थोडी ढिलाई असते.

मऊ जमिनीवर पायांखाली रुंद फळी हवीच, आणि तरीही माती दबत असल्याने झोपण्यापूर्वी चारही जॅक पुन्हा तपासावेत. स्क्रूवर मुळात असलेल्या ग्रीसला वाळू चिकटत होती. ते पुसून कोरडे वंगण लावल्यापासून जॅक सहज फिरतात. लेव्हलर ओल्या गवतावर घसरत असे, परंतु खाली रबरी चटई अंथरल्यावर ही अडचण राहिली नाही.