कोंबड्यांची ॲम्प्रोलियम पावडर: गुण आला, पण मोजायचं कशानं?

परतीच्या पावसात आमच्या शेडमधलं तूस भिजलं. आठवड्यात कावेरी जातीच्या कोंबड्यांची पाच आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा व्हायला लागली आणि विष्ठेत रक्त दिसलं. दोन दिवसांत चार गेली, साठ राहिली.

सोलापुरातल्या एका औषधाच्या दुकानातून ॲम्प्रोलियम 20 टक्के, 100 ग्रॅमचं पाकीट आणलं. दुकानदार म्हणाला, "अक्का, बादलीला एक चमचा टाका, जंतबिंत सगळे जातात." कुठली बादली, कुठला चमचा? पाकिटात चमचा नाही आणि मात्रा मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. पहिल्या दिवशी मी अंदाजानंच टाकलं. त्यात रोजचं बी-कॉम्प्लेक्सही तसंच चालू ठेवलं, पिल्लं अशक्त झालीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मेलं, तेव्हा विष्ठा आणि मेलेलं पिल्लू घेऊन मोहोळला सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्ती हगवणच आहे, औषध बरोबर आणलंत, पण हे जंतांवर चालत नाही. आणि बी-कॉम्प्लेक्स बंद करा. या औषधाचा रेणू बी-1 जीवनसत्त्वासारखा दिसतो. आतड्यातला परजीवी फसून तेच उचलतो आणि उपाशी मरतो. आपण वरून खरं बी-1 पाजलं की औषधाचा जोर जातो. म्हणजे मी एका हातानं देत होते आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होते. मात्रा फार वाढली तर कोंबडीलाच बी-1 कमी पडतं, हेही तिथंच कळलं.

त्यांनी लिहून दिलं: लिटरला 1.2 ग्रॅम, 5 दिवस, मग 0.6 ग्रॅम, 7 दिवस. माझी पिल्लं दिवसाला साधारण 6 लिटर पितात, म्हणजे 7.2 ग्रॅम. किराणावाल्याच्या काट्यावर एवढं कमी वजन येईना, शेवटी गावातल्या सोनाराकडे गेले. "वहिनी, सोन्याचा काटा आहे हा," असं कुरकुरत त्यानं कागद घालून बारा पुड्या बांधून दिल्या, पाच मोठ्या, सात लहान. हसायचं त्यांनी हसा.

औषध पाण्यात चटकन विरघळतं, तळाला गाळ राहत नाही, हे चांगलं. आजारी पिल्लू दाणा सोडतं पण पाणी पितं, म्हणून पाण्यातूनच देणं सोपं. मात्र दुसरं पाणी तोंडाला लागता कामा नये. माझी चार-पाच पिल्लं जाळीखालून निसटून गोठ्यातल्या हौदाच्या गळक्या नळाला चोच लावायची. तो नळ सुतळीनं बांधला, जाळी खाली दगडांनी दाबली. पाणी रोज सकाळी ताजं करायचं, रात्रीचं उरलेलं शेळ्यांपासून लांब खड्ड्यात ओतायचं. अंडी देणाऱ्या तीन कोंबड्या आधीच वेगळ्या काढल्या होत्या.

पुड्या सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, त्यानंतर एकही मेलं नाही. अर्थात भिजलेलं तूस काढून कोरडं टाकलं होतं, सगळं श्रेय पाकिटाला देणार नाही.

औषधाला पाचपैकी साडेचार. पाकिटाला दोन, आणि दुकानदाराच्या सल्ल्याला शून्य. बरीच पावडर उरली होती, पण पाकीट नीट बंद होत नसल्यानं तिचे आता खडे झालेत. लहान पाकीट मिळालं असतं तर तेच घेतलं असतं.