फ्लोरिडाच्या झऱ्यांच्या नद्यांवर गटाने कयाकिंग: कोणती नदी, कशी, कधी

दहा-बारा जणांचा गट आहे, त्यातले निम्मे वल्हं पहिल्यांदाच हातात घेणार आहेत आणि दिवस एकच आहे, तर इचेटकनी घ्यावी. दुसरी पसंती रेनबो. वीकी वाची सुंदर आहे, पण शनिवार-रविवार सोडून जावं. ज्युनिपर नवख्या गटाने घेऊच नये, कारणं पुढे दिली आहेत.

इचेटकनी पहिली येते ती प्रवाहामुळे. फोर्ट व्हाइटजवळचं हे स्टेट पार्क. नदी एकूण सहा मैलांची, पुढे सांटा फे नदीला मिळते. वरचा साडेतीन मैलांच्या आसपासचा भाग पार्कात येतो. उत्तरेच्या प्रवेशद्वाराकडून कयाक पाण्यात घालायची, दक्षिणेला बाहेर काढायची. एका दिशेचा प्रवास असल्याने दमलेला माणूस वल्हं मांडीवर ठेवून नुसता बसला तरी पुढे सरकत राहतो. गटात हाच मोठा आधार असतो. रमतगमत अडीच-तीन तास धरावेत. वाटेत ब्लू होलसारखे मोठे झरे नदीला येऊन मिळतात. चुनखडीतून गाळून आलेलं पाणी वर्षभर साधारण 72 अंश फॅरनहाइट, म्हणजे 22 सेल्सिअस असतं. तळाची वाळू, पट्टीसारखं लांब पाणगवत, त्यातून जाणारे मासे आणि कासवं बसल्या जागेवरून स्पष्ट दिसतात. इथल्या मुख्य झऱ्याला 1972 मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

पार्कात आठजणांपर्यंतच्या गाडीला 6 डॉलर, एकट्याला 4. कयाकचं भाडं आणि शटल (माणसं-होड्या नदीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणारी गाडी) वेगळं. नियम कडक आहेत: एकदा वापरून फेकायची कुठलीही वस्तू नदीवर चालत नाही, दारू, तंबाखू आणि पाळीव प्राणीही नाहीत. त्यामुळे पोटभर खाऊन निघावं, पाणी पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीत घ्यावं आणि डबे गाडीत ठेवावेत. नदीचा तळ आजही इतका स्वच्छ दिसतो त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे, म्हणून त्याबद्दल कुरकुर करू नये.

गटाची सहल बिघडते ती बहुतेक वेळा किनाऱ्यावरच, होड्या वाटताना. दोघांच्या कयाकमध्ये दोन नवखे एकत्र बसवले की वल्ह्यांवर वल्ही आपटतात आणि होडी या काठावरून त्या काठावर जात राहते. दिशा मागच्याच्या हातात असते, म्हणून सरावाचा माणूस मागे. ताल पुढच्याने धरायचा, कारण त्याला मागचं दिसत नाही. मागच्याने त्याच बाजूला, त्याच वेळी वल्हं पाण्यात घालायचं. वजनातला फरक मोठा असेल तरी जड माणूस मागेच बरा. नाक खाली गेलेली होडी सरळ चालत नाही. सगळ्यांत पुढे एक जाणकार, सगळ्यांत मागे एक जाणकार, आणि मागच्याच्या पुढे सगळे असलेच पाहिजेत. प्रत्येक वळणानंतर पुढच्याने थांबून मागची होडी नजरेत येऊ द्यावी. शिट्टी प्रत्येक होडीवर हवी. फ्लोरिडाच्या कायद्यानेही छोट्या होडीवर आवाजाचं साधन लागतं. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या होडीत ते घातलेलंच असलं पाहिजे. आमचं मत विचाराल तर मोठ्यांनीही घालावं. पायाखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर माणसाच्या आधी वाहून जातं.

भाड्याची कयाक ताब्यात घेताना चार गोष्टी बघाव्यात. मागच्या टोकाचं निचऱ्याचं बूच जागेवर आहे का? ते नसलं तर उघड्या बैठकीच्या कयाकच्या पोकळीत हळूहळू पाणी भरतं, होडी जड होते आणि कारण कोणाला कळत नाही. पाय टेकवायचे आधार असे सरकवावेत की गुडघे किंचित वाकलेले राहतील. पाय लांब ताठ राहिले तर तासाभरात कंबर दुखते. वल्ह्याची पाती मधल्या खटक्याने एका रेषेत आणावीत, नवख्याला तेच सोपं. पातीचा खोलगट भाग आपल्याकडे, आणि पात तिरकं कापलेलं असेल तर लांब कड वर. वल्हं उलटं धरलेलं दर गटात एकतरी सापडतंच. शेवटी वजनमर्यादेचं स्टिकर वाचावं आणि माणूस व सामान मिळून तिच्या बरंच खाली राहावं. उघड्या बैठकीची कयाक चढा-उतरायला सोपी, पण तिच्या भोकांतून पाणी वर येतं आणि बूड ओलं राहतं. 22 अंशांचं पाणी पोहायला छान असलं तरी ओल्या कपड्यांत तीन तास बसल्यावर थंडी वाजते, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. लवकर वाळणारे कपडे घालावेत, जीन्स नकोच.

प्रवाह संथ असला तरी पडलेली झाडं आणि झुकलेल्या फांद्या धोक्याच्या. समोर फांदी आली की माणूस ती हाताने धरतो, होडी खालून पुढे निघून जाते आणि माणूस पाण्यात पडतो. फांदी धरायची नाही. वाकून, वल्हं होडीला समांतर ठेवून खालून निघायचं. होडी आडवी होऊन ओंडक्याला लागली तर मन सांगतं की झाडापासून दूर झुकावं. तसं केलं की वरच्या प्रवाहाकडची कड बुडते आणि पाणी आत शिरतं. ओंडक्याकडेच झुकायचं, त्याला हाताने रेटत होडी सरकवायची.

नितळ पाण्याची आणखी एक फसवणूक: तळ प्रत्यक्षापेक्षा वर दिसतो. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे खोली सुमारे तीन चतुर्थांशच भासते. गुडघाभर वाटलेल्या पाण्यात उतरणारा मांडीपर्यंत जातो, आणि मांडीभर वाटलं तिथे कंबरेच्या वर. उतरण्याआधी वल्हं टेकवून बघावं, तेही वाळूवरच. गवतावर पाय देऊ नये, वल्ह्याने ढकलू नये. मुळासकट उपटलेलं गवत सहज परत येत नाही, आणि मॅनटीचं, म्हणजे समुद्रगायीचं, अन्न हेच गवत. उथळ जागी पात अर्धंच बुडवून आडवे, छोटे फटके मारावेत. पोलराइज्ड गॉगल मात्र जरूर न्यावा. पाण्यावरची चमक गेली की तळ उजळून येतो.

डनेलनची रेनबो नदी जेमतेम पावणेसहा मैलांची, पुढे विथलाकूची नदीला मिळणारी. इथली नेहमीची पद्धत उलटी: केपी होल या काउंटी पार्कातून प्रवाहाविरुद्ध दीड मैलाच्या आसपास वर मुख्य झऱ्यापर्यंत जायचं आणि तरंगत परत यायचं. शटल लागत नाही, गाडीही तिथेच, म्हणून नियोजन सोपं. पण वर चढताना घाम निघतो. मधल्या धारेत न राहता काठाने आणि वळणाच्या आतल्या बाजूने जावं, तिथे प्रवाह मंद असतो. नवख्या जोड्या मधोमध झगडत बसतात आणि गट तुटतो. सकाळी लवकर निघाल्यास हेच दीड मैल सुखाचे जातात. दुपारी मोटरबोटी आणि ट्यूबवाले, म्हणजे हवेच्या रबरी चकत्यांवर तरंगणारे लोक, येतात.

वीकी वाची अरुंद, निळसर आणि पांढऱ्या वाळूची. स्टेट पार्कातून निघून रॉजर्स पार्कपर्यंत साडेपाच मैलांच्या आसपास, परतीला शटल. खालच्या भागात काठावर घरं लागतात आणि रानाची मजा ओसरते. संरक्षित पट्ट्यात होडी काठाला लावायला, बांधायला किंवा नांगरायला मनाई आहे, त्यामुळे उतरून डुंबण्याच्या बेताने येणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत.

ओकाला राष्ट्रीय वनातली ज्युनिपर या सगळ्यांत देखणी, हे खरं. सात मैल, चार-पाच तास, घनदाट जंगल, मध्ये बाहेर पडायला धड जागा नाही. वळणं इतकी जवळजवळ की लांब कयाक फिरतच नाही, आणि आडवी झाडं पदोपदी. होडी हवी तशी वळवता येणाऱ्या चार-सहाजणांनी जावं, बारा जणांनी नाही.

मेअखेरच्या सुट्टीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत ट्यूबवाल्यांची गर्दी असते, आणि जून ते सप्टेंबर दुपारी विजांचा कडकडाट ठरलेला. तेव्हा जायचंच असेल तर सकाळी आठला पार्क उघडताच पाण्यात आणि एकच्या आत बाहेर. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल सर्वांत चांगले. मोठ्या पावसानंतर सांटा फेचं चहाच्या रंगाचं पाणी फुगून इचेटकनीच्या खालच्या भागात मागे चढू शकतं, म्हणून आदल्या दिवशी पार्कात फोन करावा. थंडीत मॅनटी झऱ्यांच्या उबेला येतात. दिसली तर वल्हं थांबवून तिला जाऊ द्यावं. पाठलाग करणं, खाऊ घालणं, पाणी पाजणं सगळं बेकायदा आहे. क्रिस्टल रिव्हर गावच्या थ्री सिस्टर्स झऱ्यांत 15 नोव्हेंबर ते 31 मार्च होड्यांना प्रवेशच नसतो. अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरी या सगळ्या नद्यांत आहेत. अंतर ठेवावं आणि खाणं टाकू नये.

बुकिंग करताना दर विचारण्याआधी विचारावं: शेवटची शटल किती वाजता, उशीर झाला तर काय, बारा जणांना एकाच फेरीत नेणार का, आणि वादळ आलं तर पैसे परत की दुसरी तारीख. स्वतःच्या दोन गाड्या फिरवणार असाल तर आधी एक गाडी खालच्या टोकाला लावावी आणि तिची किल्ली गुंडाळून बंद होणाऱ्या पाणीरोधक पिशवीत, तोंड तीनदा दुमडून, होडीला बांधून सोबत न्यावी. बऱ्याच गटांची ती किल्ली वरच्या गाडीत राहते.