एस्क्रो कंपनीचा अनुभव: सह्या मंगळवारी, चावी शुक्रवारी संध्याकाळी

कॅलिफोर्नियात आम्ही पहिलं घर घेतलं आणि ज्या एस्क्रो कंपनीकडे (खरेदीचे पैसे आणि कागद सांभाळणारी तटस्थ कंपनी) क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पुरा करण्याचं काम, होतं तिच्याबद्दल लिहितेय. पाचपैकी तीन स्टार. कागदपत्रांचं काम एकदम चोख, पण चावी नक्की कधी हातात येणार हे कोणी नीट सांगितलंच नाही आणि त्याचा आम्हाला भरपूर मनस्ताप झाला.

आधी चांगलं सांगते. सह्या मंगळवारी होत्या. तिथल्या एस्क्रो ऑफिसर बाई एकेक कागद समोर ठेवून शांतपणे समजावत होत्या, प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचं लेखी वचन) कुठली, डीड ऑफ ट्रस्ट (घर तारण ठेवल्याचा दस्त) कुठलं, कशावर सही केली की काय बांधील होतं, घाई अजिबात नाही. नोटरीने उजव्या अंगठ्याला शाई लावून आपल्या रजिस्टरमध्ये ठसा घेतला, इथे घराच्या कागदांना तो लागतोच. आणि वायरबद्दल (बँकेतून थेट पैसे पाठवण्याबद्दल) तर त्या ऑफिसर बाईंनी तीनदा बजावलं की अकाउंट नंबर बदललाय असा ईमेल आला तर विश्वास ठेवायचा नाही, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. याला माझे पूर्ण मार्क, कारण चुकीच्या खात्यात वायर गेली की ते पैसे परत मिळणं महाकठीण.

आता तक्रार. निघताना मी विचारलं, "मग चावी कधी?" तर उत्तर आलं, "एक-दोन दिवसांत क्लोज होईल." बस, एवढंच. माझ्या मावसभावाला न्यू जर्सीत क्लोजिंगच्या टेबलावरच चावी मिळाली होती, त्यामुळे आम्हाला वाटलं दोन दिवस म्हणजे फारच झाले, आणि आम्ही गुरुवारचा ट्रक बुक करून टाकला.

इथे प्रकार वेगळा आहे हो. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा, ओरेगन, वॉशिंग्टन या राज्यांत ड्राय फंडिंग चालतं, म्हणजे सह्या झाल्या तरी लेंडर (कर्ज देणारा) ते पेपर परत तपासतो, मग पैसे सोडतो, मग डीड (मालकीचा दस्त) काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जातं आणि तिथे नोंद झाल्याचा निरोप आला की मगच एस्क्रो क्लोज. चावी त्यानंतर. हे सगळं मला आमच्या रिअल्टरकडून (घरखरेदीच्या एजंटकडून) कळलं, तेही गुरुवारी दुपारी, ट्रक दारात उभा असताना. लेंडरची वायर उशिरा पोचली होती आणि काउंटीची त्या दिवसाची रेकॉर्डिंगची वेळ संपून गेली होती. एस्क्रो कंपनीला मी तीन फोन केले, तिन्ही व्हॉइसमेलवर गेले. अर्धं सामान ट्रकमध्ये, मूव्हर्स तासाचे पैसे लावतायत, मुलगी विचारतेय आज कुठे झोपायचं. वायरला उशीर झाला हा कंपनीचा दोष नाही, पण फोन उचलून "आज होत नाही, उद्या सकाळी होईल" एवढं एक वाक्य सांगणं त्यांच्या हातात होतं ना.

शुक्रवारी सकाळी रेकॉर्ड झाल्याचा मेसेज आला. तरी चावी लगेच नाहीच, कारण आमच्या करारात ताबा संध्याकाळी सहाचा लिहिलेला, आणि तो आम्हीच नीट वाचायला हवा होता. सहा वाजता रिअल्टरने लॉकबॉक्स उघडला, आत दाराच्या दोन चाव्या, पिवळी टेप चिकटवलेली मेलबॉक्सची छोटी चावी आणि गराजचा रिमोट. दाराचं कुलूप आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलून घेतलं, जुन्या चाव्या कोणाकोणाकडे असतील काय सांगावं.

या कंपनीकडे जाणार असाल तर सह्यांच्या दिवशीच स्पष्ट विचारा, फंडिंग कधी, रेकॉर्डिंग कधी, काउंटीची त्या दिवसाची शेवटची वेळ काय, आणि उशीर झाला तर फोन कोण करणार. रेकॉर्डिंग शुक्रवारवर ढकललं जात असेल तर जास्तच सांभाळा, तो हुकला की थेट सोमवार. विकणारा रेंट-बॅकवर, म्हणजे विकल्यावरही काही दिवस भाड्याने, घरात राहणार असेल तर रेकॉर्डिंग होऊनही ताबा पुढेच जातो.

पुढच्या आठवड्यात त्या बाईंनी स्वतःहून फोन केला, उशिराबद्दल माफी मागितली आणि सांगितलं की डीडची कॉपी मिळवून देतो म्हणत पैसे मागणारी, सरकारी वाटणारी पत्रं येतील, त्यांना काही भरू नका, रेकॉर्ड झालेलं डीड पोस्टाने घरी येतं. तसली दोन पत्रं खरंच आली. डीडही आलं, काउंटीच्या शिक्क्यासकट. तिसरा स्टार त्या फोनचा.