पार्किंगमधला बोका घरात कोंडावा की बाहेर सोडावा? वजनाच्या हिशोबाने बघा

आमचा बंड्या आधी पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर झोपायचा, घरात आणला तेव्हा ३ किलो ८०० होता, मग नसबंदी झाली आणि दीड वर्षात गडी ५ किलो ९०० वर. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या तर त्या सापडायलाच वेळ लागला. सगळ्यांचा सल्ला एकच, बाहेर सोडा हो, फिरेल, उड्या मारेल, आपोआप उतरेल.

सोडला. तर अजून वाढलं!

घरात मी मोजून घालत होते आणि हा खाली जाऊन तळमजल्यावरच्या काकूंकडे दूधपोळी, वॉचमनच्या डब्यातला मासा, आणि बी विंगमध्ये तर याचं नाव शेरू आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. तिथे त्यांना वाटायचं बिचारा उपाशी फिरतोय. म्हणून ज्यांचं ठरत नाहीये त्यांना आधीच सांगते, सोसायटीत बाहेर सोडणं म्हणजे व्यायाम कमी आणि पंगत जास्त.

आतच ठेवलं तर मोठा फायदा हाच की पोटात काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं. साधारण ४ किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात, नसबंदीनंतर त्याहून कमी. ड्राय फूडच्या, म्हणजे कोरड्या दाण्यांच्या, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, म्हणजे ५०-६० ग्रॅममध्ये खेळ खल्लास, आणि आपण वाटी भरून ठेवतो, संपली की परत भरतो. ओल्या खाण्याच्या पाऊचमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असतं त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत पोट भरल्यासारखं वाटतं, पण खिशाला जड. मी सकाळी दाणे आणि रात्री पाऊच करते. नुसतं उकडलेलं चिकन रोज देऊ नका, त्यात कॅल्शियम नाही आणि शिजवल्यावर पाण्यात जाणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांजराला लागतंच, अधूनमधून चालतं, फक्त कांदा-लसूण नको.

तोटा म्हणजे आत कंटाळतात. रस्त्यावर वाढलेलं मांजर दाराशी बसून पहाटे पाचला जे रडतं ना, शेजारी विचारतात बाळ झालं का. पहिले तीन आठवडे आमच्याकडे कोणी झोपलं नाही. उपाय एकच लागू पडला, संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून दमवायचं आणि लगेच जेवण, मग झोपतो. वाटीऐवजी दाणे अंड्याच्या ट्रेमध्ये टाकले की एकेक काढून खायला वेळ लागतो, फुकटचं खेळणं.

बाहेर सोडण्यात मांजर खूश हे खरंय, खोटं कशाला बोलू. पण गाड्या, कुत्री, मारामारीत झालेले गळू, विष खाल्लेला उंदीर, आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवायची नाही. गावाकडे चित्र वेगळं. कोकणात मावशीकडे मांजरं दिवसभर वाडीत, त्यातलं एकही जाड नाही कारण तिथे भरलेली वाटी कोणी ठेवतच नाही. मात्र ती पण अंधार पडायच्या आत जेवण दाखवून सगळ्यांना आत घेते, बिबट्याची भीती. तुमचं घर तसं असेल तर दिवसा बाहेर रात्री आत हे मला पटतं. फ्लॅट असेल तर नाही पटत.

मधला मार्ग म्हणजे बाल्कनीला जाळी. कबुतरांची नायलॉनची जाळी बंड्याने दोन महिन्यांत कुरतडली, स्टीलचीच लावा. वरच्या मजल्यावर असाल तर मांजर काय पडत नाही या भरवशावर राहू नका, पडतात. बाहेर फिरवायला अंगाला बांधायचा पट्टा, हार्नेसपण आणला होता, घातला की हा जमिनीवर लोळण घेऊन मेल्याचं नाटक करायचा, तुमच्याकडे चालला तर नशीब तुमचं.

आणि एक, वजन उतरवायची घाई अजिबात नको. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे खात नाही तर नको खाऊ दे असं चालत नाही, लगेच डॉक्टर. आठवड्याला ५०-६० ग्रॅम उतरले तरी भरपूर, किलोभराला चार-पाच महिने धरा. घरातल्या वजनकाट्यावर त्याला घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजा करायचं यात एवढा फरक दिसतच नाही, मी दर रविवारी पिशवीत घालून किराणावाल्याच्या काट्यावर नेते, तो आता विचारतो, भाव काय लावायचा.

आजचा आकडा ५ किलो १००. बाहेर जाणं बंद, जाळीतून बी विंगकडे बघत बसतो. काकू मात्र ऐकेनात, मग त्याच्याच दिवसाच्या दाण्यांतले १० ग्रॅम एका डबीत घालून त्यांच्याकडे देऊन ठेवते, चार वाजता त्या वर येतात आणि स्वतःच्या हाताने भरवतात.